वावर गहाण, सावकार हैदराबादेत

आमचे मामा पटवारी होते. सरकारी कागदावर तलाठी, पण वऱ्हाडात जो माणूस सातबारा देतो त्याला लोक पटवारीच म्हणतात. बाळापूर, पातूर, तेल्हारा अशा तालुक्यांतून चौतीस वर्षं बांधाबांधानं फिरून मामा निवृत्त झाले, अकोल्याला घर बांधलं आणि इतिहास वाचायला लागले.

पटवाऱ्यानं इतिहास वाचायला घेतला की तो प्रत्येक राजाच्या नावापुढं फेरफार नंबर शोधतो. म्हातारपणी शाहजहानला पोरानं आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलं, हे वाचून मामांना हळहळ वगैरे वाटली नाही. म्हणाले, "जितेपनी वाटन्या केल्या नाई की असंच होते, बाबू." पानिपताबद्दल त्यांचं मत असं की, एवढ्या लांब जायच्या आधी हद्दी कायम करून घ्यायला पाहिजे होत्या.

मागच्या वर्षी मामा-मामी पुण्याला लेकीकडं गेले होते. जावयानं विद्यापीठाची मुख्य इमारत दाखवली. गणेशखिंडीचा हा वाडा बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६४ मध्ये बांधायला घेतला आणि मुंबईचे गव्हर्नर पुढं पावसाळ्यात तिथं मुक्कामाला येत. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा जलसा आटोपून रँड याच वाड्यातून निघाला आणि परतीच्या वाटेवर चापेकरांनी त्याला गाठलं. जावई हे सगळं रुखवत दाखवावा तसं दाखवत होता. शेवटी त्यानं विचारलं, "तुमच्याकडं नाही का हो असं काही?"

मामा तिथं काही बोलले नाहीत. अकोल्याला उतरल्याबरोबर मला फोन लावला.

"बाबू, एक सांग. आपला लाटसायब कुठी राहे?"

मी अमरावतीचा. मी अभिमानानं म्हणालो, "कमिशनर अमरावतीत राहायचे, मामा. अजूनही राहतात."

"कमिशनर म्हंजे मुनीम. मी सावकाराचं विचारून राह्यलो."

अकोला आणि अमरावती यांच्यात किती अंतर आहे हे नकाशात पाहून कळणार नाही. अकोल्याकडं कृषी विद्यापीठ आहे म्हणून आम्ही दुसरं विद्यापीठ मिळवलं, आमच्याकडं आयुक्तालय आहे म्हणून अकोलेकर आम्हाला 'साहेबांचं गाव' म्हणतात आणि आमचं मुख्य स्टेशन बडनेऱ्याला आहे हा विषय ते कोणत्याही लग्नात, कोणत्याही पंगतीत काढू शकतात. उन्हाळ्यात पारा कोणाकडं जास्त चढला, यावरसुद्धा दोन्ही गावं भांडतात आणि जो जास्त भाजला तो जिंकतो. त्यामुळं मामांच्या प्रश्नात अमरावतीला कमी लेखायचा डाव आहे, असंच मला आधी वाटलं. मग लक्षात आलं की प्रश्न खरा आहे.

वऱ्हाडचा धनी वऱ्हाडात राहिलाच कधी? आधी दिल्लीवाल्यांचा सुभा, मग निजामाचा. १८५३ ते १९०३ हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट. १ ऑक्टोबर १९०३ पासून नागपूर. १९५६ पासून मुंबई. आम्ही कापूस पिकवायचा, सारा भरायचा आणि साहेबाला भेटायचं तर गाडी धरायची. एक अपवाद आहे. अचलपूरला इमादशाही होती, १४९० ते १५७४, तेव्हा वऱ्हाडचा सुलतान वऱ्हाडात झोपत होता. मी हे मामांना सांगितलं. अचलपूर अमरावती जिल्ह्यात येतं, त्यामुळं त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मामी परतवाड्याच्या, म्हणजे अचलपूरच्या शेजघरातल्याच. त्या आतून ओरडल्या, "आमचे चार सुलतान हिशेबातून काढता काहो?" चार दिवस त्या घरात चार सुलतानांचा वाद चालला.

पाचव्या दिवशी मामांचा निर्णय झाला. पन्नास वर्षं ज्यानं वऱ्हाड चालवलं, त्या रेसिडेंटाचं घर हैदराबादेत उभं आहे, डागडुजी करून जपून ठेवलेलं आहे, आणि आपण ते पाहायचं. "ज्या घरी आपलं वावर गहान पडलं ते घर तरी पाह्यलं पायजे," मामा म्हणाले. मामांच्या वडिलांनी एकेकाळी चार एकर काळं वावर गहाण टाकलं होतं आणि अकरा वर्षांनी सोडवलं होतं. ते गहाणखत मामा अजून प्लास्टिकच्या पिशवीत, आठ-अ आणि सातबाऱ्याच्या शेजारी ठेवतात. हैदराबादला जाताना ती पिशवी त्यांनी बरोबर घेतली. कशाला, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

रेल्वेनं या बाबतीत मोठी समज दाखवली आहे. नरखेडहून निघणारी काचीगुड्याची इंटरसिटी नया अमरावती, बडनेरा, अकोला, वाशिम, हिंगोली, पूर्णा, नांदेड, निजामाबाद असं करत हैदराबादेत शिरते, आणि काचीगुडा स्टेशनपासून रेसिडेंटाची कोठी रिक्षानं अगदी जवळ. म्हणजे वऱ्हाडातल्या कुळाला थेट सावकाराच्या दारात नेऊन सोडणारी गाडी. मी आणि आमच्या घरच्या नया अमरावतीला बसलो. सोबत गिला वडा घेतला होता, तो बडनेऱ्यापर्यंत संपला. अकोल्याला मामा-मामी चढले. मामींकडं तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेगावची कचोरी आणि 'असू द्या लागते' या नावाखाली आणखी दोन डबे होते. मामांकडं पिशवी होती.

"मेन लाईन सोडून कशी काय आली गाडी तुमच्या गावाले?" मामांनी बसता बसता पहिला वार केला, आणि वाशिम येईपर्यंत १८५३ साल सुरू झालं.

मी कॉलेजात हा भाग वाचला होता. तह, कलमं, तैनाती फौज. काही म्हणता काही डोक्यात शिरलं नव्हतं. मामांनी पुरीवर चटणी घेत दहा मिनिटांत समजावलं.

"समज, माह्या वावरात रखवालदार ठेवला. ठेवला कोनं, तं शेजाऱ्यानं. ऐकते कोनाचं, तं शेजाऱ्याचं. पगार कोन देते? मी. पगार थकला की शेजारीच मले उसने पैशे देते, त्याच्यावर व्याज लावते. अन् एक दिवस म्हनते, लय झाले पैशे, थोडकं वावर लिहून दे."

"हा रखवालदार म्हणजे हैदराबाद कंटिंजंट," मी म्हणालो.

"नाव काईही ठेव. रखवालदारच तो."

हिंगोली स्टेशन आलं तेव्हा मामा खिडकीशी सरकले. या फौजेची एक छावणी हिंगोलीला होती आणि एक अचलपूरला. अचलपूरच्या छावणीभोवती जी वस्ती वाढली ते आजचं परतवाडा. हे कळल्यावर मामींचा चेहरा बदलला. चार सुलतानांच्या जोरावर आठवडाभर मिरवलेलं माहेर मुळात रखवालदारांच्या तळावर उभं होतं. मामा काही बोलले नाहीत, फक्त कचोरीचा डबा स्वतःकडं ओढून घेतला.

तर २१ मे १८५३ ला निजाम नासिरुद्दौला यानं कर्जापोटी आणि फौजेच्या पगारापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. त्या वेळी रेसिडेंट होता कर्नल लो. नव्या मुलखाचं नाव पडलं 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वणी, वाशिम असे पुढं त्याचे सहा जिल्हे झाले. कागदावर मालक निजाम, कारभार इंग्रजांचा. खर्च वजा जाता जी शिल्लक उरेल ती निजामाला द्यायची.

"शिल्लक!" मामा एवढ्या जोरात म्हणाले की वरच्या बर्थवरचा झोपलेला माणूस उठून बसला. "सावकाराच्या वहीत शिल्लक पाह्यली काय कोनी? अन् सातबाऱ्यावर नाव एकाचं, वहिवाट दुसऱ्याची, अशा केसमंदी जिंकते कोन? वहिवाटवाला. चौतीस वर्षं हेच पाह्यलं म्या."

१८६० मध्ये नवा तह झाला. इंग्रजांनी पन्नास लाखांचं कर्ज माफ केलं, रायचूर दुआब आणि धाराशिव निजामाला परत दिलं. वऱ्हाड ठेवून घेतलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडकला आणि आमच्या काळ्या जमिनीकडं साऱ्या जगाची नजर वळली. त्याच दशकात मुंबईहून रूळ टाकत टाकत आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. अशा वेळी गहाणातलं वावर सोडतो कोण!

सोडवायचा प्रयत्न करणारा एक माणूस होता. पहिला सालारजंग. १८५३ मध्येच, चोविसाव्या वर्षी तो दिवाण झाला आणि १८८३ मध्ये मरेपर्यंत त्यानं वऱ्हाड परत द्या म्हणून अर्ज केले. १८७६ मध्ये तो यासाठी विलायतेला गेला. वाटेत पॅरिसमध्ये हॉटेलच्या जिन्यात पडून पाय मोडून घेतला, तरी लंडनला पोचला. तिकडं त्याचे सत्कार झाले, मेजवान्या झाल्या. वऱ्हाडाचं बोलणं तेवढं राहिलं. मामांना या माणसाबद्दल फार आपुलकी आहे. तहसिलीत तीस वर्षं खेटे मारणारे असे अर्जदार त्यांनी पाहिले होते. चहा सगळे पाजतात, फाईल कोणी हलवत नाही.

काचीगुड्याला उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा केली. मामांनी आपल्या ठेवणीतल्या हिंदीत भाव विचारला, रिक्षावाल्यानं त्याच्या भाषेत सांगितला. मामा म्हणाले, "इतना नको, भाऊ." रिक्षावाला म्हणाला, "तो नक्को बैठो." मामांचा चेहरा खुलला. जो माणूस नकाराला 'नको' म्हणतो तो परका असूच शकत नाही, असं त्यांचं ठरलं आणि सांगितलेले पैसे देऊन ते बसले. दखनीनं मराठीकडून हा शब्द कधी उचलला कोण जाणे, पण निजामाच्या मुलखातली एवढी एकच गोष्ट आम्ही गहाण न ठेवता दिलेली आहे.

शेजारून जाणाऱ्या बसच्या पाटीवर इंग्रजीत 'कोटी' लिहिलेलं. मामींनी अक्षरं जुळवून वाचलं आणि विचारलं, "किती कोटी?" ते मुळात कोठी. रेसिडेंटाच्या कोठीवरून सगळ्या भागाचंच ते नाव पडलं. कोठीभोवतीचा रेसिडेन्सी बाजार १९३३ पर्यंत इंग्रजांच्या अमलात होता, मग निजामाकडं परत गेला आणि सुलतान बाजार झाला. या भागात मराठी माणूस जुना आहे. विवेकवर्धिनीसारखी मराठी माणसांनी उभारलेली शिक्षणसंस्था आणि मराठी ग्रंथसंग्रहालय याच टापूत. त्यामुळं रस्त्यात कोणाला मराठीत पत्ता विचारला तर मराठीत उत्तर मिळतं, तेही आमच्यापेक्षा शुद्ध.

कोठी आज मुलींच्या शिक्षणसंस्थेच्या आवारात आहे. स्वातंत्र्यानंतर इथं महिला महाविद्यालय आलं, आता त्याचं विद्यापीठ झालं. फाटकावर वही होती. नाव, गाव, येण्याची वेळ, कोणाला भेटायचं, काम, जाण्याची वेळ. आमच्या तिघांच्या नावांपुढं मी 'इमारत पाहणे' असं लिहिलं. मामांनी पेन मागून घेतलं, चष्मा लावला आणि वळणदार पटवारी अक्षरात आपली ओळ स्वतः भरली. 'कोणाला भेटायचं' खाली लिहिलं, 'रेसिडेंट साहेब'. 'काम' खाली लिहिलं, 'गहाण सोडवणे'. रखवालदाराला मराठी वाचता येत नव्हतं. त्यानं अक्षराकडं कौतुकानं पाहिलं आणि आत सोडलं.

झाडांमधून वळलं की कोठी एकदम समोर येते. मी फोटो पाहिले होते, तरी थांबलो. सहा अजस्र खांब, वर त्रिकोणी कपाळपट्टी, खाली रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांच्या दोन बाजूंना दोन सिंह. हे घर ज्यांनी बांधलं त्यांना आलेल्या माणसाची मान वर करायला लावायची होती आणि सव्वादोनशे वर्षांनंतरही मान वर जातेच. मामांची नाही गेली. त्यांनी खिशातून टेप काढला आणि टेपाचं टोक माझ्या हातात दिलं.

आम्हाला दाखवायला एक मुलगी आली होती, कॉलेजातलीच असावी. ती लगबगीनं म्हणाली, "अंकल, नापने का नक्को." मामांनी टेप खिशात टाकला. पण त्यानंतर त्यांनी दालनं पावलांनी मोजली, त्याला कोण काय करणार? ती सांगत होती आणि मामा ओठ हलवत तिच्या मागून चालत होते. तिला वाटलं आजोबा जप करताहेत.

कोठी बांधली जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिकनं. १७९८ ते १८०५ तो इथं रेसिडेंट होता. दरबारी पोशाख घालायचा, फारसी बोलायचा, 'हशमतजंग' किताब मिरवायचा आणि खैरुन्निसा नावाच्या खानदानी मुलीशी त्यानं लग्न केलं होतं. नकाशा काढला मद्रासच्या इंजिनिअर पलटणीतल्या सॅम्युअल रसेलनं. बांधकाम १८०३ च्या सुमारास सुरू झालं. मामा तिथंच थांबले. १८०३ च्या नोव्हेंबरात अकोल्याजवळच्या अडगावला वेलस्लीनं भोसले-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, डिसेंबरात गाविलगड घेतला आणि देवगावच्या तहानं वर्धेच्या अलीकडचं वऱ्हाड निजामाच्या पदरात पडलं. म्हणजे इकडं निजामाच्या नावावर वावर चढलं, तिकडं त्याच सुमारास सावकारानं घराचा पाया खणला. शिवाय घराचा खर्चही निजामाच्याच तिजोरीतून. "कुयाच्या पैशानं सावकाराचा वाडा," मामा पुटपुटले, "हे मातर आपल्याकडंबी होते."

मग मुलीनं जमिनीची गोष्ट सांगितली. ती ऐकायला मामांनी मोजणी थांबवली. कर्कपॅट्रिकला साठेक एकर जागा हवी होती. त्यानं एक भलामोठा, रेखीव नकाशा करून निजाम अलीपुढं मांडला. निजामानं नकाशा पाहिला आणि साफ नाही म्हणाला. कर्कपॅट्रिक हिरमुसून बाहेर आला, तेव्हा एका दरबाऱ्यानं त्याला कारण सांगितलं. अहो, आमच्या सरकारांनी आपल्या सबंध राज्याचा नकाशा पाहिला तोसुद्धा एवढ्याच आकाराचा. तुम्ही राज्य मागताय असं वाटलं त्यांना. कर्कपॅट्रिकनं तीच जागा एका पत्त्याएवढ्या कार्डावर काढून आणली आणि निजामानं खुशीनं मंजुरी दिली.

मामा दोन क्षण काही बोलले नाहीत. मग त्यांनी जी मांडी थोपटली तो आवाज दरबार हॉलमध्ये घुमला. "स्केल बदलला! पोरी, त्यानं स्केल बदलला!" मुलीला स्केल म्हणजे पट्टी वाटली. मामांनी तिला तिच्याच वहीच्या पानावर एकाच शेताचे दोन नकाशे काढून दाखवले, एक दांडगा, एक नखाएवढा, दोन्हींचं क्षेत्र सारखं. आयुष्यभर भावाभावांच्या वाटण्यांत कोणता नकाशा कोणापुढं ठेवायचा याचं जे गुपित त्यांनी जपलं होतं, ते हैदराबादच्या रेसिडेंटाला १८०३ मध्ये ठाऊक होतं. त्यानंतर मामा कर्कपॅट्रिकबद्दल एकदाही वाईट बोलले नाहीत.

दरबार हॉल मोठा आहे. उंच आरसे, झुंबरं, लाकडी जमीन, वर जाणारा दुहेरी वळणाचा जिना. कॉलेजचे वर्ग बरीच वर्षं इथं भरत. झुंबराखाली बसून मुली नोट्स काढायच्या. मी इतिहासाच्या अंगानं भारावून जायच्या बेतात होतो, तेवढ्यात मुलगी म्हणाली की वरच्या छताची नक्षी कागदाच्या लगद्याची आहे. ती सगळी कारागिरांनी अलीकडं पुन्हा नीट केली.

"कागदाच्या?" आतापर्यंत चपला जपण्यात गुंतलेल्या मामी पुढं आल्या. आमच्याकडं घरोघरी जुनी वर्तमानपत्रं भिजत घालून, कुटून, त्याच्या टोपल्या करत. मामींच्या आईची अशी टोपली अजून त्यांच्याकडं आहे, तिच्यात त्या लसूण ठेवतात. मामींनी मान मागं टाकून छताकडं बराच वेळ पाहिलं. वेलबुट्टी, कोपरे, कंगोरे. मग मुलीला विचारलं, "मेथ्या कुटून घातल्या का यात? मेथ्या नाई घातल्या तं कसर लागते."

मुलीला हे हिंदीत समजावणं मला जमलं नाही. मेथीला मेथीच म्हणतात, पण छतात मेथी का घालायची हे सांगायला दुसरी भाषा अपुरी पडते. मामींनी आपला निवाडा स्वतःच दिला, "घातल्या असतीन. नाईतं टिकलं नसतं एवढं." सगळ्या कोठीत निःशंक कौतुक मिळवलेली ती एकच गोष्ट.

मागच्या बाजूला जनान्याची बाग होती. तिथं दगडविटांत, गुडघ्या-कमरेएवढी, याच कोठीची छोटी प्रतिकृती आहे. तेच खांब, तीच कपाळपट्टी. सांगतात ते असं की, खैरुन्निसा पडद्यात राहायची. तिला पुढच्या बाजूला येऊन नवऱ्यानं बांधलेलं घर पाहता येईना, म्हणून कर्कपॅट्रिकनं तिच्या बागेत हे करून दिलं. पाहुण्या बायका इथं 'किती गोड' असं काहीतरी म्हणत असाव्यात, कारण मुलगी क्षणभर थांबली. मामी वाकून खांबांना हात न लावता पाहत होत्या. "भुलाबाईचं घर वाटते," एवढंच म्हणाल्या. भाद्रपदातल्या त्या मातीच्या भुलोजी-भुलाबाईला आमच्याकडं पोरीबाळी असं मखर करतात, तसं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "मंग राह्यली का ती त्या मोठ्या घरात?"

नाही राहिली. घर पुरं व्हायच्या आत, १८०५ च्या ऑक्टोबरात, कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. त्याच्या थोडं आधी दोन्ही मुलं विलायतेला पाठवलेली. ती आईला पुन्हा दिसली नाहीत. मामींनी पदर नीट केला आणि आमच्या घरच्यांना घेऊन पुढं चालू लागल्या. नंतर बराच वेळ दोघी मागं राहून आपसात काहीतरी बोलत होत्या, ते आम्हाला सांगितलं नाही.

याच कोठीवर १७ जुलै १८५७ ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी माणसं घेऊन हल्ला केला होता. तो फसला, मौलवी अंदमानात गेले, खान मारला गेला. आपण 'मोठा तुर्रमखान लागून गेला' म्हणतो तो हाच, असं इथले लोक सांगतात. मामांनी हा वाक्प्रचार आपल्या हाताखालच्या एका कोतवालाला उद्देशून बावीस वर्षं वापरला होता. "चांगला मानूस होता तो कोतवाल," ते जरा वेळानं म्हणाले.

पायऱ्यांवर, डाव्या सिंहाजवळ, आम्ही बसलो. मामांचा हिशेब अजून पुरा व्हायचा होता. पन्नास वर्षं गहाण चाललं आणि मग १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादेत आला, निजाम महबूब अली खानाशी एकांतात बोलला आणि गहाणाचा मक्ता झाला. दरसाल पंचवीस लाख, आणि मुदत कायमची. निजामाला त्यानंतर 'जीसीबी' हा किताब मिळाला. हैदराबादी माणसं बिलंदर, त्यांनी त्या तीन अक्षरांचा अर्थ लावला: 'गेव्ह कर्झन बेरार', कर्झनला वऱ्हाड देऊन टाकलं.

"कायमचा मक्ता," मामा म्हणाले, "असं कागदात लिवलं की समजाचं, वावर गेलं. मक्ता म्हंजे सालाचा, तीन सालाचा. कायमचा मक्ता असते का कुठी?"

खरं तर एवढ्यावरही निजामानं नाव सोडलं नाही. १९३६ मध्ये इंग्रजांनी त्याला 'हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम' म्हणायचं मान्य केलं आणि त्याचा थोरला मुलगा आझम जाह झाला 'प्रिन्स ऑफ बेरार'. कारभार नागपूरचा, पंचवीस लाख हैदराबादला आणि राजपुत्र वऱ्हाडचा. त्याची बायको दुर्रुशेहवार, शेवटच्या उस्मानी खलिफाची मुलगी, इस्तंबूलच्या महालात जन्मलेली. ती झाली वऱ्हाडची युवराज्ञी. मामींनी हे दोनदा सांगायला लावलं.

"आपली युवराज्ञी? तिले कापूस येचता ये काहो?"

"तिच्या नावावर व्हता ना कापूस," मामा म्हणाले. "येचाले तुही आजी होती."

उन्हं वर आली होती. मामांनी पिशवी उघडली. मला वाटलं आता पाणी काढतील. त्यांनी गहाणखत काढलं, वडिलांचं, चार एकराचं. कागद घडीवर फाटत आलेला, कोपऱ्यात सावकाराची सही, उलट्या बाजूला एक ओळ: रक्कम पावली, हरकत नाही, तारीख. मामांनी ती ओळ मला बोटानं दाखवली. मग कोठीकडं पाहिलं, खांबांकडं, सिंहाकडं. "ही ओळ कोनं लिवली रे वऱ्हाडावर? तारीख सांग." मी १९०३ म्हणालो, ते म्हणाले तो मक्ता. मी १९४७ म्हणालो, १९५६ म्हणालो. "ते साल झालं. पावती कुठी हाय?" मी गप्प बसलो. त्यांनी कागद होता तसा घडी करून पिशवीत ठेवला.

परत निघताना फाटकावर रखवालदारानं वही पुढं केली. जाण्याची वेळ लिहायची राहिली होती. मी आमच्या तिघांची लिहिली. मामांनी आपल्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली, आणि पेन हातात धरून उभे राहिले. रखवालदारानं विचारलं, "काम हुआ, साब?"

"हूं," मामा म्हणाले. "साहेब घरी नाही म्हणे."

आणि जाण्याची वेळ न लिहिताच त्यांनी पेन परत दिलं. मामी बाहेर रिक्षा ठरवत होत्या. भाव जास्त होता, त्या 'नको' म्हणाल्या.